अनस्कूलिंग कोणाला म्हणावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळेत न जाता शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत अभ्यासापेक्षा शब्दांविषयीच अधिक विचारणा असते. आपण जे करतो त्याला काय म्हणावे, आणि ते नाव लावायला इतर पालकांनी हरकत घेतली तर काय करावे, असा त्या पत्रांचा रोख असतो. अशी काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती शाळेत जात नाही. आमच्याकडे वेळापत्रक नाही, परीक्षा नाहीत, आणि दिवसाचा बहुतेक वेळ ती स्वतःच्या आवडीच्या उद्योगांत घालवते. गणिताचे एक पुस्तक मात्र आम्ही रोज अर्धा तास तिच्याकडून सोडवून घेतो. पालकांच्या एका गटात मी आमच्या पद्धतीला अनस्कूलिंग म्हटले, तेव्हा काही जणांनी लगेच सांगितले की गणिताचा आग्रह असेल तर ते अनस्कूलिंग नव्हे. मला ते फार लागले. मग आम्ही नेमके कोण?

उत्तर : आपल्याला लागले याचे नवल नाही, कारण ज्या शब्दाने आपण स्वतःची ओळख करून दिली तो शब्दच आपल्याकडून काढून घेतला गेला. पण हा वाद आपल्या घरापुरता नाही. तो जवळजवळ त्या शब्दाइतकाच जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंकडे थोडेथोडे सत्य कसे आहे हे लक्षात येईल.

हा शब्द रूढ केला तो जॉन होल्ट यांनी. होल्ट मुळात शिक्षक होते. वर्गात मुले का अडखळतात आणि भीतीपोटी शिक्षकांना हवे असलेले उत्तर कसे शोधत बसतात, याविषयी 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने त्यांचे नाव सर्वत्र झाले, आणि पुढची काही वर्षे शाळा आतून सुधारता येतील अशी त्यांना आशा होती. ती आशा मावळल्यावर 1977 मध्ये त्यांनी अमेरिकेतील बॉस्टन येथून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या अगदी सुरुवातीच्या अंकांतच त्यांनी स्पष्ट केले होते की अनस्कूलिंग म्हणजे मुलांना शाळेतून बाहेर काढणे. घरी आणल्यावर त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकवायचे की मोकळे सोडायचे, हा भेद त्या व्याख्येत नव्हता. त्या पहिल्या अर्थाने पाहिले तर आपले कुटुंब निःसंशय अनस्कूलिंग करणारे आहे, आणि आपल्याला हरकत घेणाऱ्यांनी ज्यांना घरी बसून शाळा चालवणारे म्हणून बाजूला काढले असते, तीही सारी कुटुंबे त्यात बसतात.

पुढे हा अर्थ आक्रसला. 1980 च्या दशकात अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली, त्यांत धार्मिक कारणांसाठी शाळा सोडणाऱ्या आणि तयार अभ्यासक्रम विकत घेऊन घरी काटेकोरपणे शिकवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण मोठे होते, आणि कायद्याच्या लढ्यांतून व वर्तमानपत्रांतून होमस्कूलिंग हा शब्द या सगळ्यांसाठी रुळला. सर्वांसाठी एक शब्द मिळाल्यावर अनस्कूलिंग या दुसऱ्या शब्दाला वेगळे काम करणे भाग पडले, आणि ज्यांच्या घरी ठरवून दिलेला अभ्यासक्रम नाही, मुलाने काय, कधी आणि किती शिकावे हे मोठी माणसे ठरवत नाहीत, अशा कुटुंबांपुरता तो उरला. आज बहुतेक लोक तो याच अर्थाने वापरतात. त्यामुळे आपल्या गटातील पालकांनी जे सांगितले ते आजच्या प्रचलित अर्थाला धरूनच होते, हे मान्य केले पाहिजे.

त्यांचा आग्रह निव्वळ हेकेखोरपणाचा नसतो, हेही मला सांगावेसे वाटते. शाळेने पार मिटून गेलेले मूल घेऊन एखादी आई नव्याने गटात येते आणि विचारते की अनस्कूलिंग म्हणजे काय. एक जण म्हणतो, गणित तेवढे घ्या, बाकी मोकळे सोडा. दुसरा वाचनाची भर घालतो, तिसरा शुद्धलेखनाची, आणि काही दिवसांनी त्या घरात पुन्हा सकाळचा अभ्यास, तपासणी आणि रडारड सुरू होते. फरक इतकाच की तिला आता अनस्कूलिंग हे नाव असते. शिकण्याचा निर्णय कोणाचा, हा जो प्रश्न त्या शब्दाने उभा करायचा होता तोच अशा सल्ल्यांत विरून जातो. नवख्या माणसाची दिशाभूल होऊ नये म्हणून शब्दाची सीमा राखणे मला रास्त वाटते. तीच सीमा जुन्या सोबत्यांना पायऱ्यांवर उभे करण्यासाठी वापरली गेली, म्हणजे कोण खरा, कोण अर्धा आणि कोण नावापुरता हे ठरवण्यासाठी, तर मात्र ती कोणाच्याही मुलाच्या उपयोगी पडत नाही.

आता आपल्या गणिताच्या पुस्तकाकडे वळू. पाठ्यपुस्तक दिसले की अनस्कूलिंग संपले, अशी एक समजूत पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. स्वतःच्या इच्छेने पाठ्यपुस्तक मागणारी, शिकवणीला जाणारी, परीक्षेला बसणारी मुले अशा घरांत पुष्कळ असतात. मुलाने निवडलेले पुस्तक आणि मुलावर आलेले पुस्तक दिसायला एकसारखेच असते. फरक कळतो तो मुलगी ‘आज नको’ म्हणते त्या दिवशी. त्या दिवशी पुस्तक सहज मिटले जात असेल, त्यावरून घरात नाराजी पसरत नसेल, आणि एरवी ती आपणहून ते उघडत असेल, तर आपण आजच्या कडक अर्थानेही अनस्कूलिंगच्या अगदी जवळ आहात. आपण ‘सोडवून घेतो’ असे लिहिले आहे, त्यावरून मात्र निर्णय आपला आहे असे दिसते. तसे असेल तर आपल्या पद्धतीला सैलसर किंवा मिश्र पद्धतीचे होमस्कूलिंग म्हणणे अधिक अचूक ठरेल, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. होल्ट यांच्यासोबत काम केलेले आणि त्यांच्या निधनानंतर ते काम पुढे नेणारे पॅट फॅरेंगा यांनी तर अनस्कूलिंगची व्याख्याच अशी केली आहे की पालकांच्या मनाला झेपेल तितके स्वातंत्र्य मुलांना जगात शिकण्यासाठी देणे. पालकांच्या मर्यादेला व्याख्येतच जागा देणारे हे मत होल्ट यांच्या थेट परंपरेतले आहे, आणि त्याचा आधार घेऊन आपण तो शब्द वापरलात तरी कोणाला तो अप्रामाणिकपणा म्हणता येणार नाही.

माझे व्यवहाराचे मत असे, की गटात ओळख करून देताना नावाच्या जोडीला एक वाक्य ठेवावे : मुलगी आपल्या मनाने शिकते, गणिताचा अर्धा तास आम्ही ठरवलेला आहे. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला जे कळायला हवे ते कळते, आणि नावावर भांडायला फारसे काही उरत नाही. राहिला तो अर्धा तास. तो ठेवायचा की सोडायचा, हे आपल्या मुलीकडे पाहून ठरवा. एखाद्या शब्दात बसता यावे म्हणून तो सोडू नका, आणि दुखावल्या मनाने, हट्टाला पेटूनही तो ठेवू नका.

प्रश्न : मुलाला शाळेतून काढल्यावर आधी डीस्कूलिंग करा, शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना द्या, असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या एका पालकाने मात्र डीस्कूलिंग ही समाजातून शाळाच हटवण्याची राजकीय कल्पना आहे असे सांगितले. दोघेही ठामपणे बोलत होते. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही, कारण ते एकाच शब्दाच्या दोन वेगळ्या आयुष्यांविषयी बोलत होते. विचारवंत इव्हान इलिच यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी समाजाच्या डीस्कूलिंगची कल्पना मांडली. शिकण्यावर शाळा नावाच्या संस्थेची जी मक्तेदारी आहे ती मोडावी, आणि प्रमाणपत्रावरून माणसाची लायकी ठरवण्याची रीत संपावी, हा तिचा गाभा होता. वर उल्लेख केलेल्या होल्ट यांचा इलिच यांच्याशी परिचय होता, आणि 1977 मध्ये त्यांनी दोन शब्दांची वाटणीच करून टाकली होती : मुलाला शाळेतून काढणे म्हणजे अनस्कूलिंग, आणि शाळेची सक्ती संपवण्यासाठी तसेच मुलांना प्रतवारी लावण्याचा तिचा अधिकार काढून घेण्यासाठी कायदे बदलणे म्हणजे डीस्कूलिंग. पहिले काम एका कुटुंबाचे होते, दुसरे समाजाचे.

ही वाटणी टिकली नाही. नंतरच्या पालकांनी डीस्कूलिंग हा शब्द घरात आणला आणि शाळा सुटल्यानंतरच्या विसाव्याच्या काळाला तो लावला. घंटेची, गुणांची, परवानगी मागण्याची सवय जिरून जाईपर्यंत मुलावर काहीही लादायचे नाही, असा त्याचा अर्थ झाला. वर्षामागे एक महिना हा हिशेब पालकांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा आहे. तो कोणत्याही मोजमापावर आधारलेला नाही, आणि महिने भरले की मूल एखाद्या सकाळी उठून आपणहून अभ्यासाला लागेल, अशी वाट पाहत बसणे हे त्या मुलावर पुन्हा दडपण आणणेच आहे. अनुभवी पालक आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतात आणि ती मला या साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाची वाटते : मुलापेक्षा मोठ्या माणसांना अधिक वेळ लागतो. मुलाने दुपारभर माती कालवली तर त्यातून ते काय शिकले, याची मनातल्या मनात नोंद करणारे पालक अजून शाळेतच असतात.

अभ्यासक्रम पाळणाऱ्या कुटुंबांना हा काळ वाया गेलेला वाटतो, तर अनस्कूलिंगवाल्यांना तो टाळणे हा सगळ्या अपयशाचा उगम वाटतो. मला वाटते, शाळेत दुखावले गेलेले मूल असेल तर दुसऱ्या पक्षाचे ऐकावे. शाळेत मजेत असलेले आणि केवळ स्थलांतरामुळे बाहेर पडलेले मूल असेल, तर त्याला विसाव्याची गरजच भासणार नाही, आणि तसे दिसले तर ती लादू नये. राजकीय अर्थही संपलेला नाही. अलीकडे काही कृष्णवर्णीय अमेरिकन पालकांनी डीस्कूलिंग म्हणजे वंशभेदाने आणि सत्तेने मनावर केलेले संस्कार उतरवणे, असा अर्थ पुन्हा पुढे आणला आहे. त्यामुळे हा शब्द समोर आला की बोलणारा कोणत्या अर्थाने बोलतो आहे हे आधी विचारावे. न विचारता उत्तर दिले तर दोन माणसे तासभर दोन वेगळ्या विषयांवर भांडत राहतात.

प्रश्न : आमचा मुलगा एका शाळेच्या ऑनलाइन वर्गात घरूनच शिकतो. शिक्षक, गृहपाठ, परीक्षा सारे शाळेचेच आहे. आम्ही स्वतःला होमस्कूलिंग करणारे म्हणालो तर जुने लोक तोंड फिरवतात. घरी शिकतो ना तो?

उत्तर : तो घरी शिकतो, पण त्याच्या शिक्षणाची जबाबदारी शाळेकडे आहे, आणि होमस्कूलिंग या शब्दाचा कणा जबाबदारी हाच आहे. मूल कोणत्या खोलीत बसते याला त्यात फारसे महत्त्व नाही. होमस्कूलिंग करणारी मुले दिवसाचा मोठा भाग घराबाहेरही असतात. या बाबतीत जुन्या लोकांची बाजू मला पूर्णपणे पटते, त्यांचे तोंड फिरवणे मात्र पटत नाही.

हा फरक गंभीर का आहे, हे 2020 मध्ये दिसून आले. महासाथीत शाळा बंद पडल्या आणि शाळेचे वर्ग पडद्यावर आले, तेव्हा जगभर त्यालाच होमस्कूलिंग म्हटले जाऊ लागले. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीत शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी होमस्कूलिंग करणाऱ्यांचे प्रमाण त्या वर्षीच्या वसंतात 5.4 टक्के आले. पुढच्या टप्प्यात प्रश्नाची शब्दरचना अधिक स्पष्ट करावी लागली, जेणेकरून शाळेच्या ऑनलाइन वर्गात नाव असलेली मुले त्यात धरली जाणार नाहीत. त्या स्पष्ट प्रश्नाला शरद ऋतूत 11.1 टक्के कुटुंबांनी होकार दिला. शब्द सैल राहिला असता तर त्या वाढीचा अर्थ कोणालाच लावता आला नसता. शिवाय त्या काळात घाबरलेल्या, कोंडलेल्या, दिवसभर पडद्यासमोर बसलेल्या मुलांना पाहून ज्यांनी होमस्कूलिंगविषयी मत बनवले, त्यांनी खरे होमस्कूलिंग पाहिलेलेच नव्हते. आपण ‘घरून ऑनलाइन शाळा’ म्हणावे; ते खरे आहे आणि कोणाचा गैरसमजही होत नाही.

प्रश्न : झोपण्याची वेळ, खाणे आणि मोबाइल यांवरही मुलांचाच अधिकार मानणाऱ्या रॅडिकल अनस्कूलिंगच्या पालकांशी माझा वाद झाला. त्यांच्या मते मी केवळ अभ्यासापुरते अनस्कूलिंग करते म्हणून ते अर्धवट आहे. मी चिडून त्यांना ‘तुम्ही पालकत्वच सोडून दिले आहे’ असे म्हणाले. आता वाटते की मी अन्याय केला. पण मला काळजीही वाटते.

उत्तर : आपल्या दोन्ही भावनांना आधार आहे. रॅडिकल अनस्कूलिंग मानणाऱ्यांचा युक्तिवाद आधी नीट मांडू, कारण तो बहुधा नीट ऐकला जात नाही. ते म्हणतात की शिकणे आणि जगणे यांच्यामध्ये भिंत शाळेने घातली. ती भिंत पाडायची म्हणता आणि गणिताचा निर्णय मुलाला देता, पण झोपेचा, भुकेचा, आवडत्या खेळाचा निर्णय स्वतःकडे ठेवता, तेव्हा मुलाला कळते की ज्या गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत त्या अजूनही मोठ्यांच्याच हातात आहेत. हा युक्तिवाद पोकळ नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की भूमिती उशिरा शिकल्याने मुलाचे नुकसान होत नाही, पण रोजच्या अपुऱ्या झोपेने होते, आणि ते टाळणे हा पालकाचा धर्म आहे. मी स्वतः या दुसऱ्या बाजूकडे झुकतो, विशेषतः मूल लहान असेल तेव्हा. तरीही अभ्यास आणि घरातले नियम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले म्हणून दुसऱ्यातले आपले अनस्कूलिंग अर्धवट ठरत नाही. रॅडिकल हे विशेषण वेगळ्या वाटेची खूण म्हणून वापरले तर उपयोगी आहे, वरच्या इयत्तेची खूण म्हणून वापरले की ते शाळेतली प्रतवारीच परत आणते.

आता आपल्या त्या वाक्याविषयी. ‘पालकत्व सोडले’ या आरोपासाठी या वर्तुळांत अनपेरेंटिंग असा शब्दच तयार झाला आहे, आणि तो फार सहज फेकला जातो. तो फेकण्याआधी त्या घरात मोठे माणूस हजर आहे का, हे पाहावे. जे पालक ही पद्धत मन लावून करतात त्यांचे कष्ट अभ्यासक्रम पाळणाऱ्यांपेक्षा कमी नसतात. ते मुलासोबत बसतात, त्याच्या नकळत त्याच्या वाटेवर पुस्तके, अवजारे, माणसे, जागा आणून ठेवतात, त्याच्या प्रश्नांच्या मागे धावतात, आणि ‘नको’ म्हटले की मुकाट्याने बाजूला होतात. म्हणूनच त्यांच्यातल्या पुष्कळांना ‘मुलाच्या मागे चालणारे शिक्षण’ हे वर्णनही मान्य नाही, कारण त्यात पालक नुसता मागून येतो असे वाटते आणि सहवासाचा सारा भाग गळून पडतो. अशा घराला आपण ते वाक्य बोलला असाल तर क्षमा मागावी.

परंतु काळजीचे कारणही खरे आहे, आणि इथे मला या समुदायांना थोडे कठोरपणे सांगायचे आहे. ज्या घरात मोठे माणूस हजर नाही, मूल एकटे पडले आहे, त्याने वाचायला शिकण्यासाठी मदत मागितली तरी ‘वेळ आली की येईल’ एवढेच उत्तर मिळते, त्या घरातल्या परिस्थितीला दुर्लक्ष म्हणतात. घरी शिकून मोठ्या झालेल्या काही जणांनी 2013 मध्ये अमेरिकेत ‘कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन’ ही संस्था स्थापन केली. घरी शिकणाऱ्या मुलांना संरक्षण मिळावे, आणि शिक्षणाच्या नावाखाली होणारे दुर्लक्ष ओळखले जावे, ही तिची मागणी आहे. असे कोणी आपला अनुभव सांगू लागले की समुदायातून एक ठरलेले उत्तर येते : ते खरे अनस्कूलिंग नव्हतेच. हे उत्तर कधी कधी व्याख्येच्या दृष्टीने बरोबरही असते, पण ते फार उशिरा दिलेले असते. ते कुटुंब जेव्हा गटात होते, स्वतःला त्या नावाने सांगत होते, आणि सारे त्याला माना डोलवत होते, तेव्हा ही व्याख्या कुठे होती? एका आईने गणिताचा अर्धा तास ठेवला म्हणून तिला त्याच दिवशी बाहेरची ठरवणारे लोक, ज्या घरात मूल विचारत होते आणि कोणी उत्तर देत नव्हते त्या घराविषयी वर्षानुवर्षे गप्प राहतात, याचा अर्थ सीमा चुकीच्या बाजूला राखली जात आहे. जास्त शिकवणाऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. जिथे कमी लक्ष दिले जाते तिथे बोलायला धैर्य लागते, आणि मुलांना त्या धैर्याची खरी गरज असते.

आपल्या ओळखीच्या त्या पालकांविषयी आपल्याला ठोस काही दिसले असेल, तर शब्दावरचा वाद सोडून मुलाविषयीच विचारा : ते कोणासोबत वेळ घालवते, त्याला अलीकडे काय हवे होते, ते मिळाले का. उत्तर आनंदाने आले तर आपली काळजी बरीच कमी होईल.

प्रश्न : आता बरेच जण अनस्कूलिंगऐवजी स्वयंनिर्देशित शिक्षण म्हणू लागले आहेत. हे केवळ नवे नाव आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी नवे नाव, पण त्यात एक नवी मांडणीही आहे. अनस्कूलिंग हा शब्द काय नाही एवढेच सांगतो, ऐकणाऱ्याला तो शिक्षणालाच विरोध वाटतो, आणि ज्यांना मुलाविषयी नातेवाइकांना रोज समजावून सांगावे लागते ते याला कंटाळतात. 2016 मध्ये स्थापन झालेल्या ‘अलायन्स फॉर सेल्फ-डायरेक्टेड एज्युकेशन’ या संस्थेने आणि तिच्या संस्थापकांपैकी एक, मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी या नव्या नावाचा आग्रह धरला. त्याचा मोठा फायदा असा, की घरी शिकणारी मुले आणि मुलांनाच निर्णय देणाऱ्या शाळांत जाणारी मुले एकाच नावाखाली येतात. 1921 मध्ये स्थापन झालेली, आज इंग्लंडमध्ये असलेली समरहिल आणि 1968 पासून अमेरिकेत चालणारी सडबरी व्हॅली या अशा शाळा आहेत. तिथली मुले अनस्कूलिंगसारखेच शिकतात, पण शाळेत जातात, म्हणून जुन्या शब्दात त्यांना जागा नव्हती.

हरकतही आहे. प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात जवळजवळ हाच शब्द माल्कम नोल्स यांच्यामुळे 1970 च्या दशकापासून रुळलेला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ स्वतः उद्दिष्ट ठरवून, आखणी करून शिकणे असा होतो. सहा वर्षांचे मूल अशी आखणी करत नाही, ते खेळते. नव्या शब्दामुळे खेळाला उद्दिष्टाचा पोशाख चढतो, अशी जुन्या अनस्कूलिंगवाल्यांची तक्रार आहे, आणि ती मला विचार करण्यासारखी वाटते.

प्रश्न : सरकारी कागदांवर यांतले कोणते नाव लिहावे? आम्हाला आमची पद्धत लपवायची नाही, पण विनाकारण चौकशीही नको आहे.

उत्तर : आपण जिथे राहता तिथला कायदा ज्या शब्दाने आपल्याला ओळखतो तो शब्द लिहावा. समुदायातली नावे कायद्याला बहुधा ठाऊकच नसतात. इंग्लंडमध्ये 1996 च्या शिक्षण कायद्याचे सातवे कलम पालकांवर मुलाला योग्य पूर्णवेळ शिक्षण देण्याची जबाबदारी टाकते, आणि ते शाळेत जाऊन किंवा अन्य मार्गाने देता येते असे सांगते. तिथली सरकारी परिभाषा ‘इलेक्टिव्ह होम एज्युकेशन’ अशी आहे, तिथले पालकही होमस्कूलिंगपेक्षा होम एज्युकेशन म्हणणे पसंत करतात, आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. मात्र त्याच देशात शाळेबाहेरचे जे शिक्षण स्थानिक प्रशासन स्वतः मुलासाठी लावून देते त्याचे नाव वेगळे आहे आणि त्याचा खर्चही प्रशासन करते. पत्रात चुकीचे नाव लिहिणारा पालक आपण स्वेच्छेने सारी जबाबदारी आणि सारा खर्च घेतला असे लिहून देऊ शकतो. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांनी हे फार जपून पाहावे.

अमेरिकेत तर राज्यागणिक शब्द बदलतात. कॅलिफोर्नियात अनेक कुटुंबे खासगी शाळा म्हणून प्रतिज्ञापत्र दाखल करतात, म्हणजे शाळा पूर्णपणे नाकारणारे कुटुंबही कागदावर एक शाळाच असते. न्यूयॉर्क राज्यात वर्षाची शिक्षणयोजना आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, सहावीपर्यंत वर्षाला 900 आणि त्यापुढे 990 तास दाखवावे लागतात, आणि तिथेही अनस्कूलिंग करणारी कुटुंबे आहेत. ती खोटे लिहीत नाहीत. मुलाने तीन महिन्यांत जे केले त्याची नोंद ती आधी साध्या भाषेत ठेवतात आणि मग त्या नोंदी विषयवार लावून देतात : बागेतली मोजमापे गणितात, आजोबांना लिहिलेली पत्रे भाषेत, धरणाविषयी विचारलेले प्रश्न भूगोलात. समुदायातल्या काही जणांना ही भाषांतराची तडजोड खटकते. मला ती खटकत नाही, कारण त्या अहवालातले प्रत्येक काम खरोखर झालेले असते.

अनस्कूलिंग हा शब्द अर्जात लिहिणे बेकायदा नाही, पण त्याचा कायद्यातला अर्थ ठरलेला नसल्याने वाचणारा अधिकारी त्यात आपल्या मनाने अर्थ भरतो. विचारले तर मोकळेपणाने सांगावे, आणि सांगताना मूल काय करते यापासून सुरुवात करावी. नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी, तारीख घालून, आणि शक्य असेल तर मुलालाच त्यात लिहू द्यावे.